बयाबाईंचे दूध

बोरी नदीच्या काठच्या निंबारी गावी, महादेवाच्या देवळात, नारोबा महाराज चातुर्मासासाठी उतरले होते. त्याच गावात ठमाबाई परटीण राहत असे. ज्यांच्या तोंडात शेवटचे पाणी घालायलाही कोणी नाही, अशा म्हाताऱ्यांना ती घरी आणून सांभाळी. तिच्याजवळ होते काय? दोन हात आणि ओठांवर महाराजांचे नाव!

तिच्याकडे भागूजी धनगर शेवटच्या घटका मोजत होता. घोंगडीवर पडून पडून त्याची पाठ सोलून निघाली होती. त्याला निदान मऊ अंथरुणावर मरण यावे, एवढीच ठमाबाईची इच्छा. देशमुख विश्वासरावांच्या आई बयाबाई नुकत्याच वारल्या होत्या आणि त्यांच्या नावाने शय्यादान करायला नवी कोरी गादी भरून तयार होती. ठमाबाईने देशमुखांच्या दारात पदर पसरला.

विश्वासराव हसले. "पिकलं पान ते, आज ना उद्या गळायचंच. त्याला कशाला गादी? ही आईला परलोकी पोचायची आहे. तुझ्या महाराजांकडे माग की!"

भोवतालची मंडळीही फिदीफिदी हसली. ठमाबाई डोळे पुसत देवळात आली. महाराज एवढेच म्हणाले, "माय, उद्या घाटावर धुणं घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी बयाबाईंचा दहावा होता. घाटावर पिंड मांडले. झाडावर कावळे ढीगभर, पण एक खाली उतरेल तर शपथ! विश्वासराव हात जोडून म्हणाले, "आई, गावजेवण घालीन." कावळे ढिम्म. "अस्थी काशीला नेईन." छे! ऊन डोक्यावर आले. गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा मात्र विश्वासरावांना रडू फुटले. आई अतृप्तच गेली म्हणायची!

तेवढ्यात महाराज आले. म्हणाले, "आईच्या मनात काय होतं, ते ठमाबाईला विचारा."

ठमाबाई धुणे टाकून पुढे आली. चाचरत म्हणाली, "बयाक्का रोज माझ्या म्हाताऱ्यांसाठी दूध धाडायच्या, दादासाहेब. तुमाला ठावं नव्हतं. त्या गेल्या आन् दूध थांबलं."

 विश्वासरावांनी पिंडापुढे हात जोडले. "आई, गादी भागूजीला देतो. विहिरीकडचा मळा ठमाबाईच्या म्हाताऱ्यांना कायमचा लावून देतो. तुझं दूध बंद पडू द्यायचा नाही."

शब्द तोंडात असतानाच कावळा झेपावला आणि पिंडाला शिवला! धन्य ती माउली, मेल्यावरही तिचा जीव परक्या म्हाताऱ्यांत गुंतलेला!

विश्वासरावांनी ती गादी स्वतःच्या डोक्यावरून ठमाबाईच्या घरी नेली; मागोमाग महाराज आणि सारा गाव. भागूजीला तिच्यावर निजवले, तेव्हा कित्येक दिवसांनी त्याचे कण्हणे थांबले. विश्वासराव महाराजांच्या पायांवर पडू लागले, तर महाराजांनी पाय मागे घेऊन ठमाबाईकडे बोट दाखवले. देशमुख सगळ्या गावादेखत परटिणीपुढे वाकले. ती बिचारी संकोचून मागे सरली.

"पाया नगा पडू, दादासाहेब," देशमुखांच्या घरून आलेला दुधाचा तांब्या उचलत ती म्हणाली, "आधी त्याची मान धरा. दूध निवतंय."

विश्वासराव खाली बसले आणि त्यांनी भागूजीचे डोके आपल्या मांडीवर घेतले.