भाषणाची पहिली ओळ

महाराजांच्या डोक्यावर चवरी पडली. तीही भर दरबारात, भर भाषणात!

देवलगडचे राजे रणधवल बोलायला उभे राहिले, की आधी स्वतःच्या पदव्यांची माळ ओढायचे. माळ संपेपर्यंत निम्मा दरबार पेंगायचा. सिंहासनामागे चवरी ढाळणारा तुळाजी तर उभ्या उभ्या झोपायला शिकला होता. आज तेवढा हात सैल सुटला.

"तुळ्या!" महाराज गरजले. "आमच्या भाषणात झोपतोस?"

"नाही महाराज, सुरुवातीलाच झोपलो. भाषणापर्यंत पोचतोय कोण!"

प्रधानजींनी हसू उपरण्यात लपवलं. महाराजांच्या मिशा थरथरल्या.

"असं? मग उद्या जत्रेत आम्ही बोलणार, त्याची सुरुवात तूच लिही! एकही पदवी गाळायची नाही. एकही शब्द खोटा लिहायचा नाही. आणि एकालाही जांभई आली, तर तुझी रवानगी तळघरात!"

तुळाजी घरी येऊन डोकं धरून बसला. बायको सखू म्हणाली, "त्यात काय? मधे मधे ढोल बडवा."

"ढोलानं जाग येईल गं, ऐकावंसं कसं वाटेल?"

"ऐकावंसं होय? परवा शेजारीण म्हणाली, 'तुझ्याबद्दल गावात एक गोष्ट बोलतात.' दूध उतू गेलं, पण मी जागची हलले नाही!"

तुळाजी ताडकन उठला आणि दौत शोधू लागला.

दुसऱ्या दिवशी जत्रेत माणसं सवयीनं मुंडासं उशाला घेऊनच बसली होती. महाराजांनी कागद उलगडला आणि वाचला, "लोकहो, आता आम्ही आमच्या पदव्या सांगतो. त्यातली एक साफ खोटी आहे!"

महाराजांना ठसकाच लागला. पण मैदान उठून बसलं होतं! त्यांनी पुढे वाचलं, "जो अचूक ओळखेल, त्याला आमच्या हातातलं सोन्याचं कडं!"

मग काय! "शत्रुमर्दन... दानशूर... न्यायनिष्ठ... मितभाषी... प्रजावत्सल..." एकेका पदवीवर माना वळत होत्या, कुजबुज होत होती. शेवटची पदवी संपली आणि एकच गिल्ला झाला.

"दानशूर!" तेली ओरडला.

"छे, न्यायनिष्ठ! माझी म्हैस अजून चावडीत बांधलीय!"

"शत्रुमर्दन!" राणीसाहेबांची दासी किंचाळली. "महाराज पालीला भितात!"

महाराज लालबुंद झाले. "तुळ्या! खोटी कोणती? बोल, नाहीतर तळघर!"

तुळाजीनं वाकून मुजरा केला. "मितभाषी, महाराज."

महाराजांनी रागानं कागद मिटला.

"पण आता इथेच थांबू नका हं," तुळाजी हात जोडून म्हणाला. "थांबलात, तर तीही पदवी खरी ठरेल. मग माझी ओळ खोटी पडेल आणि मी तळघरात जाईन. गरिबाचा जीव वाचवायचा असेल, तर दिवस मावळेपर्यंत बोला!"

"नको, नको!" सगळं मैदान ओरडलं. "तुळाजीला तळघरात जाऊ द्या!"

महाराज आधी गोंधळले, मग खुदकले, मग पोट धरून असे हसले की मुकुट कानावर आला. त्यांनी कडं काढून तुळाजीच्या मनगटात घातलं आणि लोकांकडे वळून म्हणाले, "भाषण संपलं!"

"आणि माझं तळघर, महाराज?"

"त्याची किल्ली आत्ताच हरवली!"