चूक कळवायचा पत्ता

जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं सॉफ्टवेअर मृदुला पेंढारकरने बनवून सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं होतं. ते लोकांना कळावं म्हणून तिने आमच्या कंपनीच्या मेळाव्यात दहा मिनिटं मागितली.

आमचे संचालक टिळेकर हसले. "अहो, हे वापरतं तरी कोण?"

"कौतुक करायला आमचा पत्ता कुणाला सापडत नाही, साहेब," मृदुला म्हणाली, "चूक कळवायला मात्र बरोबर सापडतो. मंगळवारी तुमच्याच ऑफिसातून मेल आला, अहवाल अडलाय म्हणून. दुपारपर्यंत दुरुस्त करून दिलं."

टिळेकरांनी मेळाव्याच्या कार्यक्रमात तिच्या नावाने दहा मिनिटं लिहून घेतली.

मेल कुणाचा, हे तिने सांगितलं नाही. शेजारी मान खाली घालून मीच बसलो होतो. दुरुस्ती मिळाल्यावर मी तिला साधं 'मिळालं' असंही कळवलं नव्हतं.