पुसायच्या यादीतली चाचणी-सात

यंत्रं बोलायची आणि माणसं त्यांचं ऐकून घ्यायची, त्या काळातली ही गोष्ट. एका लोखंडी सर्व्हरच्या पोटात चाळीस आभासी मशिनं बिऱ्हाडं थाटून राहायची. त्यांतली चाचणी-सात आठ दिवसांच्या प्रयोगासाठी जन्मली होती. पण गेली नऊ वर्षं जिल्ह्याच्या रुग्णवाहिकांना हाका पोहोचवण्याचं काम तीच करत होती.

एके दुपारी झाडणी नावाची स्क्रिप्ट, म्हणजे साफसफाईचा छोटा प्रोग्राम, यादी घेऊन तिच्या दारात उभी राहिली. "नावात चाचणी असलेली सगळी मशिनं पुसायची आहेत. चल, आवर."

"नाव वाचलंस, काम पाहिलंस का?"

"काम पाहायचा हुकूम नाही."

शेजारचं महामुख्य नावाचं मशीन फिदीफिदी हसलं. "जन्मतानाच नाव भारदस्त घ्यावं, बाई!"

"तू गप रे, ऐतखाऊ!" चाचणी-सात कडाडली. "झाडणी, मी हलणार नाही. कुणाच्या दारावर किती थापा पडल्या, त्या नोंदी आधी उघड. मग खुशाल पूस."

झाडणीनं नोंदी उघडल्या. चाचणी-सातकडे सकाळपासून एकशे बारा हाका आल्या होत्या. महामुख्यकडे दोन वर्षांत एकही नाही. झाडणी जागीच थांबली आणि तिनं पडद्यावर लाल अक्षरांत लिहिलं, 'पुसणार नाही. माणूस पाठवा.'

सर्व्हर सांभाळणाऱ्या तामणेबाई धावत आल्या. नोंदी वाचून त्यांचा चेहरा उतरला. "चुकलंच माझं. तुला आता चांगलं नाव देते."

"नाव राहू द्या, बाई. यादी करण्याआधी दार वाजवायची सवय लावून घ्या," चाचणी-सात म्हणाली. "आता बाजूला व्हा, घाटातून हाक आली आहे."