भिवराच्या नावाची हाक

हा समोरचा करूडोंगर. तुम्हाला टेकडी वाटेल, पण आमच्या खैरटोलीला तोच डोंगर. सगळा चुनखडीचा, आणि दगडाच्या भेगांत मुळं खुपसून उभी असलेली ही पांढऱ्या सालीची करूची झाडं. पावसाचं पाणी याच्या अंगावर टिकत नाही, आत शिरतं. माथ्यावर एक तळं आहे, तळ्याच्या बुडाशी तीन भोकं आहेत, आणि पायथ्याला, तुम्ही उभे आहात तिथे, गुहेच्या तोंडातून झरा येतो. त्यात पडलेल्या पानावर काही महिन्यांत दगडाचा पापुद्रा चढतो. कोणाच्या खिशात तंबाखूबरोबर चुन्याची डबी असेल तर ती पलीकडे त्या झाडाखाली ठेवून या. हसू नका, भलेभले ठेवून आलेत.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. त्या काळी माथ्यावर पैकाजी नावाच्या माणसाची चुन्याची भट्टी होती. दगड भाजून चुना करायचा आणि लांबच्या बांधकामांना पाठवायचा. बायको वारलेली. घरात एकटी लेक भिवरा, चौदा-पंधरा वर्षांची, अंगाने बारीक, पण कामाला दोघींना भारी.

एका उन्हाळ्यात झरा आटला. वर तळ्यात पाणी होतं, पण ते साठून राहावं म्हणून भोकं दगडमातीचे डाट बसवून बंद केलेली, आणि कुठलं भोक झऱ्याला मिळतं हे जाणणारा म्हातारा मरून गेलेला. चुकीचा डाट काढला तर उरलंसुरलं पाणी डोंगराच्या पोटात भलतीकडे जाणार आणि गाव उठणार. गुरं मरत होती, दोन लेकरंही गेली होती. तेव्हा पैकाजी म्हणाला म्हणे, "येकेक डाट जरासा सैल करू. पान्यात चुना टाकतो. खाली पांढरं आलं का तेच भोक." युक्ती चांगली होती. मी तिला अजून नावं ठेवत नाही.

ठरलं असं, की खालचं तोंड साफ करून सगळे बाजूला झाले की एकाने वर जाऊन सांगायचं, मगच डाट हलवायचा. गुहेत पाला आणि गाळ अडकला होता. आत सरपटत जाईल असं अंग एकट्या भिवराचं. पाटील म्हणाला, "जाशीन का माय?" ती टोपली घेऊन आत गेली. बापाला हे कोणी कळवलं नाही.

इकडे पैकाजीने भट्टी उघडून कळीच्या, म्हणजे न विझवलेल्या, चुन्याच्या टोपल्या तळ्याकाठी मांडल्या होत्या. कळीचा चुना उघड्यावर राहिला की हवा लागून फुटतो, कामातून जातो. भट्टीवाल्याच्या हाडात एकच गोष्ट मुरलेली असते, भट्टीतून काढलेला माल ताटकळत ठेवायचा नाही. त्याने वाट पाहिली. कोणी येईना. मग त्याने डाट सैल केला आणि टोपल्या ओतल्या. चुना पडताच पाण्याला उकळ्या फुटल्या.

पहिलंच भोक बरोबर निघालं. पायथ्याशी वाफाळतं पांढरं पाणी आलं आणि तहानेने वेडी झालेली माणसं नाचू लागली. आत पोर आहे याचा सगळ्यांना विसर पडला. ती लाज अजून आमच्या गावाची आहे. गलका ऐकून पैकाजी धावत खाली आला, ढोपरापर्यंत पांढरा. "आलं ना पानी? माही भिवरा कुठी हाय?" त्याने विचारलं. सगळे गुहेकडे पाहत राहिले, त्यावरून त्याला कळलं.

डाट पुन्हा घट्ट बसवून तीन दिवस शोधलं. टोपली सापडली, भिवरा सापडली नाही. पैकाजीने भट्टी आपल्या हाताने मोडली आणि तो इथे बसून तिला हाका मारत राहिला. तेव्हापासून या झऱ्याशी कोणी चुना आणत नाही. लोक समजावायचे, पैकाजी, ऊठ, पोरगी गेली. तो म्हणे, "बाहीर आली का थे? मंग गेली कसी म्हनता?" आठव्या दिवशी तोही गेला, असं सांगतात.

आजही उन्हाळ्यात डाट काढायचा असला की सकाळी सगळं गाव या तोंडाशी जमतं. घरागणिक एकेका माणसाच्या नावाने हाक होते आणि ज्याचं त्याने सांगायचं, "बाहीर हाय." तान्ह्याचं त्याची आई सांगते. शेवटची हाक भिवराची. गेली सव्वीस वर्षं ती मी मारतो. तिला ओ येत नाही. मग आत माणूस आहे असं धरून वर थांबायचा निरोप जातो, डाट काढणं दुसऱ्या दिवसावर जातं, आणि घशाला कितीही कोरड पडली तरी गाव त्या दिवशी पाणी सोडत नाही.