सर्जेराव लासूरला जातो

कोगनवाडीत सर्जेराव नावाचा एक भोळा राहायचा. भोळा म्हणजे किती? शाळेच्या पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, "घंटा झाली की घरी जायचं." प्रार्थनेची घंटा झाली. सर्जेराव घरी आला. त्याची शाळा तेवढीच.

पण सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही. सांगितलं तसंच करायचा. अगदी तसंच. घोटाळा तिथंच व्हायचा.

थोरला भाऊ बळवंत मात्र हुशार. गावाच्या वरच्या माळावर साहेब लोकांचं गोल्फचं मैदान होतं. हिरवंगार गवत, त्यात अठरा भोकं, प्रत्येक भोकात एक झेंडा. काठीनं चेंडू मारायचा आणि भोकात घालायचा, असा तो खेळ. गावातली पोरं साहेबांच्या काठ्या वाहायची. काठ्या वाहता वाहता बळवंत खेळायला शिकला. त्याच्याबरोबर त्याचे दोन दोस्तही शिकले, थंड डोक्याचा पिराजी आणि गरम डोक्याचा उदय.

एका वर्षी काठ्या वाहणाऱ्यांची स्पर्धा झाली. बळवंत पहिला आला, पिराजी आणि उदय त्याच्या मागोमाग. बक्षीस काय, तर तिघांनी विमानानं अमेरिकेला जायचं. तिथं वाळवंटात जुगाराचं एक शहर आहे, लास व्हेगस. त्या शहरातल्या मैदानावर खेळायचं. आईच्या जिभेला ते नाव वळेना. ती गावभर सांगत सुटली, "माझं पोरगं लासूरला चाललंय."

निघायला दीड महिना होता तेव्हा बळवंत तापानं अंथरुणाला खिळला. तो त्यातून उठला नाही.

शेवटच्या दिवशी त्यानं धाकट्याला जवळ बोलावलं. उशाखालून एक चेंडू काढला. त्यावर पेनानं 'ब' काढलेला होता.

"सर्जा, माझ्या जागी तू जा. हा तिथल्या अठराव्या भोकात टाक. एवढं कर माझं."

"टाकतो दादा," सर्जेराव म्हणाला.

त्या दिवसापासून सर्जेरावाला जगात एकच काम उरलं. झोपताना चेंडू मुठीत. जेवताना चेंडू मुठीत. दाढी केली ती एका हातानं, आणि ती तशीच दिसत होती.

तर पिराजी, उदय आणि सर्जेराव लासूरच्या विमानतळावर उतरले. सामानाचा पट्टा गोल गोल फिरत होता.

पिराजी म्हणाला, "सर्जा, आम्ही जरा मोकळं होऊन येतो. तू हितं उभा राहा. आपलं दिसलं की उचल."

"बरं, अण्णा."

सर्जेराव डोळे फाडून बघत राहिला. लाल पेटी आली. आपली नाही. लहान मुलाची गाडी आली. आपली नाही. एवढ्यात पट्ट्याच्या पलीकडं एक म्हातारे गृहस्थ दिसले. अंगात नेहरू शर्ट, पायात कोल्हापुरी चपला. फोनवर ओरडत होते, "अगं पोचलो गं! चिवडा फुटला नाही!"

सर्जेराव मनात म्हणाला, हे तर शंभर टक्के आपलं. तो गेला आणि त्यानं उचललं.

दोघं परत आले, तेव्हा कऱ्हाडचे निवृत्त तलाठी सामानाच्या ढकलगाडीवर बसलेले होते आणि सर्जेराव त्यांना आपल्या कमरेच्या पट्ट्यानं आवळत होता.

"हे काय केलंस रं?"

"आपले दिसले. उचलले."

पिराजीनं तलाठ्यांचे पाय धरले. मग सर्जेरावाला बाजूला घेतलं. "हे बघ. ओळखीचं नसलं की हात लावायचा नाही. लांबनंच हसायचं आणि फुडं जाऊ द्यायचं."

"बरं. ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ठेवलं. तलाठ्यांना त्यांच्या लेकीच्या हवाली करायला दोघं बाहेर गेले. इकडं पट्ट्यावर या तिघांचीच काठ्यांची पिशवी आली. मुंबईला कुणीतरी तिला निळं प्लास्टिक गुंडाळलं होतं. सर्जेरावानं तिला खालीवर निरखलं. ओळख पटेना. तो हसला. पिशवी पुढं गेली. फेरा मारून परत आली. तो परत हसला. तिसऱ्या फेऱ्याला त्यानं हातसुद्धा हलवला. त्यानंतर ती आलीच नाही.

"पिशवी आली का?" उदयनं विचारलं.

"एक आली होती, भाऊ. तीनदा भेटली. स्वभावानं बरी वाटली."

"मग?"

"गेली."

पिशवी शोधायला दोन तास गेले. सापडली तेव्हा उदयचं डोकं तापलं होतं. "काही सुटतंय असं दिसलं की झडप घालायची! दोन्ही हातांनी धरायचं! बाप आला तरी सोडायचं नाही! कळलं?"

"कळलं, भाऊ. ध्यानात ठेवतो."

त्यांच्या हॉटेलात खोलीकडं जायची वाट जुगाराच्या दालनातून होती. दिवे असे, की सर्जेरावाला वाटलं आत लग्न आहे. मधोमध एक मोठं टेबल. टेबलावर लाकडाचं चाक. चाकाला कडेनं बारके बारके खळगे. भोवती माणसं श्वास रोखून उभी. एका धिप्पाड टोपीवाल्यानं रंगीत चकत्यांचा डोंगर मांडला होता आणि देवाचं नाव घेत होता. टेबलामागच्या बाईनं चाक फिरवलं आणि एक पांढरा चेंडू सोडला.

चेंडू सुटला!

सर्जेरावानं झडप घातली. दोन्ही हातांनी. चकत्या हवेत उडाल्या, टोपीवाला खुर्चीसकट मागं पडला, आणि सर्जेराव चाकावर पालथा पडून गोल फिरायला लागला.

"धरला! भाऊ, धरला!"

दोन पहारेकऱ्यांनी त्याला उचललं. मूठ उघडेना. तिसरा आला. तरी उघडेना.

"सोड की रं!" पिराजी ओरडला.

"बाप आला तरी सोडायचं नाही म्हणालेत भाऊ. इथं तर बापही आलेला नाही."

शेवटी पिराजीनं त्याला काखेत गुदगुल्या केल्या, तेव्हा चेंडू खाली पडला. पहारेकरीही हसले म्हणून प्रकरण तिथंच मिटलं.

खोलीत गेल्यावर पिराजी त्याच्यासमोर मांडी घालून बसला. "असा चेंडू दिसला की हात पाठीमागं बांधायचे. तो फिरंल, नाचंल, आणि आपल्या मनानं भोकात पडंल. तोवर गप उभं राहायचं. तोंडातनं शब्द काढायचा नाही."

"आपल्या मनानं पडतो?"

"पडतो."

"भोकातच?"

"भोकातच, बाबा. झोप आता."

सर्जेराव आनंदानं झोपला. दादाचं काम त्याला वाटलं होतं तेवढं अवघड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं मैदानावर गेले. चहूकडं तपकिरी वाळवंट, आणि मधे हिरवं मैदान, कुणी सतरंजी पसरून विसरून जावी तसं. पिराजीनं मारला. उदयनं मारला. सर्जेरावानं दादाचा चेंडू गवतावर ठेवला, हात पाठीमागं बांधले आणि गप उभा राहिला.

"मार की," उदय म्हणाला.

सर्जेराव गप.

"अरे मार!"

सर्जेराव गप. एक सरडा आला, चेंडू हुंगून गेला. पाठीमागं चार अमेरिकन खेळाडू येऊन थांबले होते. आखूड विजारी, लालबुंद पाय. ते आधी खोकले. मग त्यांनी घड्याळं बघितली. मग ते खाली बसून केळी खायला लागले.

"सर्जा, बोल तरी!"

सर्जेरावानं हनुवटीनं चेंडूकडं खूण केली. अजून पडला नव्हता ना.

पिराजीच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं कपाळाला हात लावला. "अरे, तो कालचा चेंडू! आजचा मारायचा असतो! दिसला की मारायचा, दणकून!"

"असं होय! ध्यानात ठेवतो."

त्यानं दादाचा चेंडू मारला. दणकून. चेंडू ढगात गेला आणि समोरच्या तळ्यात पडला. मग शेजारी पिशवीतले दोन दिसले, ते मारले. मग अमेरिकनांनी आपल्यासाठी ठेवलेले चार दिसले, तेही मारले. सातही चेंडू तळ्यात. नेम मात्र वाखाणण्यासारखा.

उदयनं त्याच्या हातातली काठी काढून घेतली. पण तळ्याकडं बघितलं आणि त्याचा राग विरला. "जाऊ दे सर्जा. पाण्यात गेला तो गेला. त्याच्या मागं जायचं नसतं. दुसरा घ्यायचा, आणि फुडं चालायचं. खेळाचा नियम आहे."

सर्जेराव 'बरं' म्हणाला नाही. 'ध्यानात ठेवतो' म्हणाला नाही.

"दुसरा नाही मला," तो म्हणाला, आणि बुटांसकट तळ्यात उडी मारली.

पहिल्या बुडीत सदरा भरून चेंडू आले. त्यानं काठावर ओतले, एकेक उलटून बघितला. 'ब' नाही. दुसऱ्या बुडीत आणखी सदराभर. 'ब' नाही. पिराजी म्हणाला, "वर ये रं." उदय पायातले बूट काढायला लागला. तिसऱ्या बुडीला सर्जेराव इतका वेळ खाली राहिला की अमेरिकनांची केळी हातातच राहिली. मग पाण्यातनं आधी एक मूठ वर आली, मागनं सर्जेराव. मुठीत 'ब'.

अमेरिकनांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तर फुकटात साठ चेंडू मिळाले होते.

पुढची सोळा भोकं पिराजी आणि उदय खेळले. सर्जेराव ओले बूट वाजवत त्यांच्या मागं चालला, मूठ मिटून.

दिवस कलला तेव्हा अठरावं भोक आलं. पिराजी म्हणाला, "आलं बघ."

"हातानं टाकू का काठीनं?"

"दादा काय म्हणाला होता?"

"टाक म्हणाला."

"मग टाक."

सर्जेराव गुडघ्यावर बसला. मूठ उघडली. चेंडू आतल्या पांढऱ्या डब्यात पडला. टप्. एवढाच आवाज. उदय तोंड फिरवून आधीच स्वच्छ असलेली काठी पुसायला लागला. पिराजीनं नाक शिंकरलं आणि घाईघाईनं आईला फोन लावला. तिकडं संध्याकाळ म्हणजे आपल्याकडं सकाळ. फोनच्या काचेत आई दिसली, चुलीपुढं, हाताला पीठ.

"काय रं सर्जा, लासूर कसं हाय?"

"आई, पडला. अठराव्या भोकात पडला."

"पडला?" आई उठून उभी राहिली. "कुठाय? बघू मला."

पिराजीनं फोन भोकावर धरला.

"काय दिसत नाही बाबा. नुसता अंधार."

"आतच हाय, आई."

"मला कसं कळायचं? माझ्या डोळ्यांनी बघायचाय मला. असं कर, जसा पडलाय तसाच आणून दाखव."

"बरं, आई."

सर्जेराव विचार करायला लागला. हे त्याच्या हातून क्वचितच व्हायचं. चेंडू बाहेर काढला तर तो पडलेला राहणार नाही. जसा पडलाय तसाच पाहिजे. आणि आणून पाहिजे. म्हणजे एकच उपाय.

त्यानं झेंड्याची काठी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. काठीचं टोक डब्यात घट्ट बसलेलं होतं. एक हिसका. दुसरा हिसका. तिसऱ्या हिसक्याला अख्खं भोक जमिनीतून बाहेर आलं. डबा, डब्यात चेंडू, वर झेंडा. त्यानं डबा पोटाशी धरला, झेंडा डोक्याच्या वर फडफडला, आणि तो चालायला लागला.

"सर्जा! कुठं निघालास?"

"घरी. आईनं बोलावलंय."

"अरे, ते त्यांचं भोक हाय!"

"आई बघंल, मग देऊ की परत पाठवून."

मागच्या अमेरिकनांना लांबून फक्त झेंडा दिसत होता. पहिल्यानं झेंड्याचा नेम धरून मारला. झेंडा डावीकडं सरकला. दुसऱ्यानं चष्मा पुसला आणि डावीकडं मारला. झेंडा कुंपणापाशी पोचला. तिसऱ्यानं काठी खाली ठेवून डोळे चोळले. चौथा सगळ्यांत म्हातारा. त्यानं डोळे मिटले आणि मारून दिला. चेंडू उंच गेला, मैदानाच्या मॅनेजरच्या गाडीच्या टपावर आपटला, उसळला, आणि सर्जेरावाच्या पोटाशी येऊन डब्यात पडला.

टप्.

मागं म्हातारा नाचायला लागला. साठ वर्षं खेळत होता, एका फटक्यात कधी पडला नव्हता.

फोन हातात घेऊन पिराजी पळत आला. फोनमधून आई विचारत होती, "कसला आवाज रं तो?"

सर्जेरावानं डब्यात डोकावून बघितलं. "आई, आणखी एक पडला."

"कुणाचा?"

"ओळखत नाही. पण दादाच्या शेजारी पडलाय."

आई परत चुलीपुढं बसली. मग म्हणाली, "बरं झालं. सोबत झाली त्याला." आणि पदराला हात पुसत विचारलं, "किती वेळ लागंल रं यायला?"

सर्जेरावानं कुंपण ओलांडलं. पुढं क्षितिजापर्यंत वाळवंट होतं. मागं पिराजी, त्याच्या मागं बूट तळ्याकाठीच विसरलेला अनवाणी उदय, त्याच्या मागं चार अमेरिकन, आणि सगळ्यांच्या मागं भोंगा वाजवत मॅनेजरची गाडी. सर्जेरावानं डबा पोटाशी नीट धरला, चेंडू हलू नयेत म्हणून.

"आई, झेंडा दिसायला लागला की भाकरी टाक."