राक्षसाचं हूं

एक होता राजा. मनानं भला, पण चारचौघांत उभा राहिला की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. मग त्यानं काय केलं? आपल्या वतीनं बोलायला एक बाई ठेवली. तिचं नाव साळूबाई. राजानं नुसतं खाकरायचं, पुढचं साळूबाईनं बोलायचं. आणि बोलायची तरी कशी! चुलीवर दूध उतू गेलं तरी ऐकणारं कुणी उठायचं नाही, बरं का.

त्या राज्यात एक रीत होती. बोलणाऱ्यानं कितीही बोलावं, ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हटलं तरच ते पोचलं म्हणायचं. साळूबाईला 'हूं' मिळालं नाही, असं आजवर झालंच नव्हतं.

तर एकदा काय झालं, नदी आटली. वर डोंगरात जाऊन बघतात तर काय, नदीच्या झऱ्यावरच एक राक्षस उताणा निजलेला! दोरखंड बांधले, हत्ती लावले. राक्षस ढिम्म. गुरं हंबरायला लागली, पोरांचे ओठ सुकले. मग राजा खाकरला. साळूबाई समजली आणि निघाली. मागोमाग अख्खं गाव निघालं, ऐकायला.

राक्षस म्हणाला, "बोल बाई, तीनदा बोल. मी 'हूं' म्हटलं तर पाणी तुमचं. नाही म्हटलं तर दर वेळी तुझ्या आवाजाचा एक घास माझा. तिसऱ्या घासाला आवाज संपला."

आवाज गेला तर साळूबाईपाशी उरणार काय? पण खाली पोरं तहानलेली होती. ती म्हणाली, "कबूल."

मग तिनं पदर खोचला आणि बोलायला लागली. नदी म्हणजे आई, आईला कुणी असं अडवतं का? लोकांच्या डोळ्यांना धार लागली. 'हूं, हूं' करून डोंगर दणाणला. राक्षसानं मात्र जांभई दिली. "छान बोललीस. पण तोंड माझ्याकडं आणि बोलणं त्यांच्यासाठी." आणि त्यानं एक घास गिळला.

दुसऱ्यांदा ती घोगऱ्या आवाजात बोलली. या वेळी अगदी मुद्देसूद. शेतं कशी वाळली, विहिरी कशा आटल्या, हा एकटा हलला तर किती जीव जगतील. बोट ठेवायला जागा नाही. राजानंसुद्धा मान डोलावली. राक्षस म्हणाला, "सगळं खरं. पण यात मी कुठं आहे?" आणि दुसरा घास गिळला.

लोक म्हणाले, "सोड गं साळूबाई, गाढवापुढं वाचली गीता!" लोकांना काय जातंय म्हणायला! गीता वाचणारा आधी गाढवाला विचारतो का, बाबा रे, तुला चारा घातलाय का कुणी?

साळूबाईला रडूच आलं. आता कुजबुजण्याइतकाच आवाज राहिला होता. तो लोकांपर्यंत जाणारच नव्हता. मग तिनं हातानं खूण करून सगळ्यांना खाली धाडलं. राजालासुद्धा. आणि गेली राक्षसाच्या कानाशी.

इतक्या जवळून तिनं त्याला पाहिलंच नव्हतं. तिला मोठं नवल वाटलं. एवढे डोंगर पडलेत, मग हा इथंच का निजला? आणि उताणाच का? भाषण राहिलं बाजूला, तिनं विचारलं, "राक्षसदादा, इथंच का रे निजलास?"

राक्षस हळूच म्हणाला, "कुणाला सांगणार नाहीस ना? पाठीवर घामोळ्या आल्यात. एकेक नारळाएवढी. नुसती आग होते. म्हटलं, गार पाण्यात बरं वाटेल."

"मग वाटतंय का बरं?"

"आधी वाटलं. आता नाही वाटत."

साळूबाईनं त्याच्या पाठीखाली हात घातला. पाणी कसं होतं? कोमट! "अरे दादा, कोंडलेलं पाणी गार कसं राहील? तू जागा सोडू नकोस. फक्त कुशीवर वळ. पाणी वाहील, आणि नवं नवं गार पाणी पाठीला लागत राहील."

राक्षसानं नाक खाजवलं. मग तो कण्हत कण्हत कुशीवर वळला. खळाळून पाणी सुटलं, गारेगार, पाठीवरून पार! आणि त्याच्या तोंडून निघालं, "हूंऽऽऽ!" एवढं मोठं, की गिळलेला आवाजही बाहेर उडाला आणि थेट साळूबाईच्या गळ्यात जाऊन बसला.

खाली नदी आली. गुरं प्याली, पोरं प्याली, राजा तर गुडघाभर पाण्यात नाचला. साळूबाई उतरून आली तशी माणसं तिच्याभोवती गोळा झाली. "काय बोललीस गं? आम्हालाही ऐकव की!"

साळूबाई हसली. म्हणाली, "ते तुमच्यासाठी नव्हतं." आणि जन्मात तिनं कुणाला सांगितलं नाही. मग तुमच्या या आजीला कसं कळलं, ते विचारू नका.

पुढं सगळे सुखानं राहिले. राक्षसाच्या घामोळ्या गेल्या, तरी तो तिथंच निजतो, गार लागतं म्हणून. चला, तुम्हीही वळा बघू कुशीवर. मिटा डोळे.