तिसरा कांदा

"माय, तीन शरद गेले. माझ्या कांद्यांना फूल का येत नाही?"

सुधन्वानं हे विचारलं तेव्हा त्याच्या खांद्याला पिशवी होती. दुपारच्या एसटीनं तो मठ सोडणार होता.

गोदामाय ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

डोंगरावरच्या त्या लहानशा मठाची रीत अशी, की राहायला येईल त्याला माय नेरीन नावाच्या फुलझाडाचे तीन कांदे देई. पाऊस सरला की या कांद्यांतून नुसता दांडा वर येतो आणि त्यावर गुलाबी फुलं उमलतात. पानं मागाहून. ज्याचं फुललं, त्याला माय मंत्र देई. ज्याला जायचं असेल, त्यानं आपले कांदे काढून न्यायचे.

सुधन्वाला मंत्र हवा होता. त्यासाठी त्यानं कृषी महाविद्यालयातली नोकरी सोडली होती. आधीचे दोन मठही सोडले होते. मातीतलं त्याला सगळं कळे, फक्त एका जागी बसणं तेवढं जमत नसे.

"तुझ्या त्या डब्यात बघ," तो ओसरीच्या कडेला बोट दाखवत म्हणाला. "दाटीवाटीनं कोंबलेत. माना उघड्या. खताचं नाव नाही. आणि सात दांडे आलेत!"

"आलेत खरे."

"मी वीतभर खोल पुरले. शेणखत घातलं. एकेकाला ऐसपैस जागा दिली."

"आणखी?"

"दर एकादशीला काढून बघितले. मुळं धरली का ते."

"धरली होती?"

"दर वेळी... थोडी थोडी."

"मग?"

"मग काय, परत पुरले."

मायनं एक खडा वेचून अंगणात टाकला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते या माणसाला बघूनच म्हटलं असावं. पण माय हसली नाही.

"तुला जायचंय ना? मग तुझे काढून घे."

सुधन्वाला वाटलं होतं, माय थांब म्हणेल. ती म्हणाली नाही. त्याला राग आला आणि रागाच्या भरात तो खुरपं घेऊन विहिरीजवळच्या वाफ्याशी गेला.

पहिला कांदा निघाला. गुबगुबीत, पण मुका. दुसराही तसाच.

तिसरा त्यानं उपटला, माती झटकली, आणि त्याचा हात थांबला.

कांद्याच्या मानेशी तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी गुलाबी दिसत होतं.

तो बघत राहिला. खाली मुळं लोंबत होती, खुरप्यानं निम्मी तुटलेली.

"माय..." त्यानं कांदा ओसरीच्या दिशेनं उंच धरला. "माय, कळी होती गं."

माय ओसरीवरून उतरली. सावकाश वाफ्यापाशी आली. कांद्याकडे तिनं पाहिलंही नाही. त्याच्या हातातलं खुरपं घेतलं आणि विहिरीत टाकून दिलं.

डुबुक असा आवाज झाला. मग काही नाही.

खालच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. सुधन्वा उठला, दोन पावलं गेला... परत फिरला. हॉर्न पुन्हा वाजला. तो पिशवी खांद्यावर चढवी, उतरवी. हातातला कांदा मात्र त्यानं खाली ठेवला नाही.

गाडी गेली. घाटात तिचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

सुधन्वा वाफ्यापाशी मटकन बसला. डोळे पुसले. तिन्ही कांदे त्यानं मांडीवर घेतले, आणि इकडेतिकडे बघून कावराबावरा झाला.

"पण माय, खुरपं तर तू टाकलंस. आता हे लावू कशानं?"

माय ओसरीकडे वळली होती. तांदूळ अजून निवडायचे होते.

"लावायला बोटं पुरतात, बाळा... खुरपं तुला कशाला लागत होतं?"